मिल्क बँकेचा माझा अनुभव (बाळ गेल्यानंतर दूध दान केलं, त्याबद्दल)

पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मिल्क बँकेबद्दल लिहितेय (आयांनी दान केलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवतात ती), बोर्डावर मराठीत मातृ दुग्धपेढी असं लिहिलेलं आहे. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण माझी डिलिव्हरीही त्याच आवारात झाली आणि तिथल्या एकदोन गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे, ती मी त्यांना लेखी दिलीय, इथे नावानिशी मांडायची नाहीये. मिल्क बँकेचं काम साधारण सगळीकडे सारखंच चालतं त्यामुळे नाव नसलं तरी ज्या बाईला गरज आहे तिला याचा उपयोग होईल.

लिहायचं कारण सांगते. माझं बाळ गेलं त्याच्या चौथ्या रात्री मी दोन वाजता मोबाईलवर शोधत होते की बाळ नाही आणि दूध येतंय तर काय करायचं, आणि जे सापडलं ते सगळं दूध आटवायचं कसं याबद्दल होतं. एकीनेही मराठीत असं लिहिलेलं नव्हतं की मी दिलं दुसऱ्या बाळांना, असं असं झालं, एवढा वेळ लागला, हे हे विचारलं. मला तेव्हा तेच वाचायला हवं होतं.

आधी काय झालं ते सांगावं लागेल. मला २९ व्या आठवड्यात बीपी एकदम वाढलं, पायावर चेहऱ्यावर सूज, डोकं ठणकत होतं, डोळ्यासमोर चमकायला लागलं, रात्री ॲडमिट केलं आणि सकाळी सिझर. पुढच्या रविवारी डोहाळेजेवण होतं, हिरव्या साडीचा ब्लाऊज टेलरकडेच राहिला. मुलगा. १०४० ग्रॅम. मला त्याला पहिल्यांदा बघायला मिळालं ते दुसऱ्या दिवशी, व्हीलचेअरवरून, काचेच्या पेटीत, आणि मला वाटलं होतं तसा तो केविलवाणा वगैरे नव्हता, कपाळाला आठ्या घालून झोपला होता, अगदी माझ्या वडिलांसारख्या.

तर या बाळांना पहिल्यांदा नळीतून दूध देतात, दर दोन तासांनी एक मिली. एक मिली म्हणजे किती तर सिरिंजमध्ये बोटाच्या नखाएवढं. माझं दूध तेव्हा उतरलंच नव्हतं, सिझर, बीपीची औषधं, टेन्शन, सगळं मिळून. डॉक्टर म्हणाले पावडरचं दूध इतक्या लहान बाळाच्या आतड्याला झेपत नाही, आतड्याला सूज येऊन ते सडायला लागण्याचा एक आजार असतो त्याचा धोका वाढतो, आईचं दूध येईपर्यंत मिल्क बँकेचं देऊ. नवऱ्याने फॉर्मवर सही केली. मला नंतर सांगितलं. मी रडले त्यावर, खरं सांगते, माझ्या बाळाच्या पोटात गेलेलं पहिलं अन्न माझं नव्हतं याचा मला राग आला होता, आणि ज्या कोण बाईचं ते होतं तिचाही आला होता.

नंतर माझा चीक आला, चार थेंब, सिस्टरने तो कापसाच्या काडीवर घेऊन बाळाच्या गालाच्या आतून लावला आणि त्याने तोंड हलवलं. चौथ्या दिवशी दूध उतरलं. मग मी पंप घेऊन बसायला लागले, दिवसातून आठ वेळा, रात्रीची एक वेळ चुकवायची नाही असं सांगितलं होतं म्हणून दोनचा गजर. प्रत्येक छोट्या बाटलीवर चिकटपट्टी, त्यावर बेबी ऑफ आणि पुढे माझं नाव, तारीख, वेळ. तो सहा मिलीपर्यंत पोचला होता. आठव्या दिवशी कांगारू केअर म्हणून तासभर माझ्या छातीवर उघडा ठेवला, नळ्यांसकट. बाराव्या दिवशी गेला. इन्फेक्शन रक्तात पसरलं. याच्यापुढे मला यावर लिहायचं नाहीये.

त्या दिवशी बिलाच्या काउंटरजवळ नवरा उभा होता, मी बाकावर, आणि वरून एकजण येऊन विचारून गेला की फ्रीजरमध्ये तुमच्या चौदा बाटल्या आहेत, टाकून देऊ का घरी नेताय. असंच, उभ्या उभ्या. त्याचाही काही दोष नसेल, त्याला फ्रीजर रिकामा करायला सांगितलेलं असेल, पण कोणीतरी त्याला हे शिकवायला हवं की हे असं विचारत नाहीत. मी काहीच बोलू शकले नाही. मागून एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) एक सिस्टर आल्या, त्या म्हणाल्या थांब, टाकू नकोस, आणि माझ्याशेजारी बसल्या, म्हणाल्या आज काही ठरवू नका ताई, बाटल्या आम्ही ठेवतो, तुम्हाला वाटलं तर चारपाच दिवसांनी मिल्क बँकेला फोन करा, नाही वाटलं तर नका करू, दोन्ही बरोबर आहे. नंबर नवऱ्याला लिहून दिला.

घरी आल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. बाळ गेलं हे शरीराला कळत नाही. पान्हा दाटतो. दगडासारखी छाती, काखेपर्यंत दुखणं, ब्लाऊज भिजलेला, आणि खालच्या मजल्यावरचं लहान बाळ रडलं की आपोआप धारा लागायच्या, मी उशी दाबून धरायचे. दोनचा गजर वाजायचा. तो मी बंद केला नाही, मला बंद करता आला नाही. दूध बंद व्हायची एक गोळी असते पण माझं बीपी खाली आलेलं नव्हतं म्हणून डॉक्टरांनी ती द्यायला नकार दिला (ज्यांना बीपीचा त्रास झालाय त्यांनी ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका, प्लीज). मग थंड पट्ट्या, कोबीची पानं. शेजारच्या कानडी आजी मोगऱ्याची फुलं घेऊन आल्या, त्यांच्याकडे म्हणे दूध आटायला छातीवर बांधतात, मे महिना होता, घरात सगळीकडे तो वास, अजूनही मोगरेवाली समोरून आली की मी रस्ता बदलते.

आणि आई. आई गावाहून हळीव आणि डिंक घेऊन आलेली, बाळंतिणीला लाडू करायला म्हणून, बाळ एनआयसीयूत असताना. हळिवाने दूध वाढतं. बाळ गेल्यावर तिने तो हळिवाचा डबा लपवला. मला दिसला तो, पिठाच्या डब्यामागे, वर फडकं टाकलेलं. आम्ही दोघी त्यावर बोललो नाही.

पाचव्या दिवशी मी मिल्क बँकेला फोन केला. इथून पुढे खरा रिव्ह्यू.

फोन उचलणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं की बाळ किती दिवसांचं आहे. मी म्हटलं बाळ नाहीये. त्या दोन सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, बरं ताई, तुमचं जेवण होतंय का, ताप आहे का, छाती कुठे लाल झालीय का. म्हणजे आधी माझी चौकशी, मग रक्त तपासणीचं. घाई अजिबात केली नाही, उलट म्हणाल्या अजून दोन दिवस विचार करा, घरच्यांशी बोला. मी दुसऱ्याच दिवशी गेले.

खोली लहान आहे. दोन खुर्च्या, मध्ये पडदा, दोन इलेक्ट्रिक पंप. एक फॉर्म भरून घेतात, त्यात सिगारेट, दारू, तंबाखू-मिश्री, चालू औषधं, मागच्या काही महिन्यांत रक्त चढवलंय का, टॅटू काढलाय का असे प्रश्न. बीपीच्या गोळीची पट्टी मी घेऊन गेले होते, त्यांनी डॉक्टरांना दाखवून हो-नाही विचारलं, तुम्हीही पट्ट्या घेऊन जा, नाव आठवत बसू नका. एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिसची रक्त तपासणी, पैसे घेतले नाहीत. दूध देणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, हे रक्तदानासारखं आहे.

त्या फॉर्मवर एक रकाना होता, बाळाचं वय. खाली बाळाचं वजन. मी पेन धरून बसले. रिकामं सोडलं तर तो नव्हताच असं होईल, आणि लिहिलं तर काय लिहू. समोरच्या ताईंनी, त्या तिथल्या लॅक्टेशन काउन्सेलर, म्हणजे दूध पाजण्याबद्दल आयांना समजावणाऱ्या, माझ्या हातातून फॉर्म घेतला आणि विचारलं, किती दिवस होता. म्हटलं बारा. त्यांनी लिहिलं, बाळाचं वय : १२ दिवस. वजन विचारलं, १०४० लिहिलं. नाव विचारलं. फॉर्मवर नावाचा रकानाच नव्हता, तरी विचारलं. तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं, कारण बारसं झालं नव्हतं ना, सगळे बाळ बाळच म्हणायचे. मी सांगितलं. त्या म्हणाल्या छान नाव आहे. मला फार बरं वाटलं हो, एवढ्याशा गोष्टीने.

मग हात कोपरापर्यंत धुवायला लावतात, टोपी, गाऊन, छाती कोमट पाण्याने पुसून घ्यायची, आणि पंप. पहिल्या दिवशी मला १४० मिली आलं. स्टीलच्या भांड्यात, वरती पिवळसर साय. वहीत आकडा लिहिला आणि माझी सही.

पुढे दुधाचं काय करतात ते मी विचारून घेतलं, त्यांनीही कंटाळा न करता दाखवलं. तीनचार जणींचं दूध एकत्र करतात, मग पाण्याच्या बाथमध्ये ६२.५ डिग्रीला बरोबर ३० मिनिटं ठेवतात, पटकन थंड करतात, थोडं दूध कल्चरला लॅबमध्ये जातं आणि बाकीचं उणे २० डिग्रीच्या डीप फ्रीजरमध्ये. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत असा रिपोर्ट आल्याशिवाय एक थेंब बाहेर जात नाही. रिपोर्ट चांगला असला की काही महिने टिकतं. देताना सगळ्यात आधी एनआयसीयूतली कमी वजनाची बाळं, ज्यांच्या आईला दूध नाही किंवा आईच नाही. बाटलीवर बॅच नंबर असतो, कोणाचं दूध कोणाला गेलं ते दोन्ही बाजूंना सांगत नाहीत. फ्रीजरमधल्या माझ्या चौदा बाटल्याही रिपोर्ट आल्यावर त्यातच गेल्या, बेबी ऑफच्या चिकटपट्ट्या त्यांनी सोडवून मला दिल्या, मी मागितल्या होत्या म्हणून.

आता एक गोष्ट जी लिहायला जड जातेय. सासूबाई वाईट नाहीत, त्यांनी माझे पाय चेपलेत त्या दिवसांत. पण मी जाते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, अगं ज्याचं बाळ राहिलं नाही त्या आईचं दूध दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात, बरं दिसतं का ते. मला राग यायला हवा होता पण आला नाही, कारण तेच माझ्या मनात होतं. मी त्या १४० मिलीकडे बघत हाच विचार करत होते की या दुधाने माझं बाळ वाचलं नाही, हे दुसऱ्याला कशाला. दुसऱ्या खेपेला मी ते ताईंना बोलून दाखवलं. त्या पंपाच्या नळ्या उकळत्या पाण्यातून काढत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ताई, ६२.५ डिग्रीला अर्धा तास ठेवल्यावर त्यात जंतू उरत नाहीत, अपशकुन कुठून उरेल. मग नळ्या ठेवून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या बाळाला पहिले तीन दिवस जे दिलं ना, त्या बॅचमध्ये कोण कोण होतं मला सांगता येत नाही, पण तुमच्यासारख्या आया इथे येतात, आधीही आल्यात, एवढं सांगते.

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. म्हणजे जिचा मला राग आला होता ती कदाचित अशीच कोणीतरी, सुजलेल्या डोळ्यांनी त्याच खुर्चीत बसलेली. त्या रात्री मी हिशोब केला. माझ्या बाळाला सुरुवातीला एक मिली, मग दोन. १४० मिली म्हणजे दोन मिलीचे सत्तर फीड. दर दोन तासांनी एक धरलं तर जवळपास सहा दिवस. माझ्या एका खेपेत एका बाळाचे सहा दिवस. सासूबाईंना मी हे असंच सांगितलं, वाद न घालता. त्या गप्प राहिल्या. पुढच्या वेळी रिक्षापर्यंत सोडायला आल्या आणि पाण्याची बाटली दिली. आईने काय केलं ते शेवटी लिहिते.

अशा रात्रींत वाचताना मला कळलं की आशियातली पहिली मिल्क बँक आपल्याकडेच, मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली सुरू झाली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी केली, त्या तिथे नवजात बाळांच्या विभागात होत्या आणि समोर कमी वजनाची बाळं इन्फेक्शनने जाताना बघत होत्या. पुढे त्यांची स्वतःची मुलगी, मोठी झालेली, कॅन्सरने गेली, आणि तिच्या नावाने त्यांनी वांद्र्यात रोमिला पॅलिएटिव्ह केअर सुरू केलं, असाध्य आजाराच्या पेशंटना त्रास कमी व्हावा आणि घरच्यांना आधार मिळावा म्हणून. हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्यांच्या बाळांसाठी दुधाची सोय करून ठेवणाऱ्या बाईवरही ही वेळ यावी. आणि तरीही तिने पुन्हा काहीतरी उभं करावं. माझ्यात तेवढं बळ नाही, पण माझ्यापुरतं दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्या खुर्चीत जाऊन बसले.

आता काय चुकतं तेही लिहायला हवं, नाहीतर नवीन बाई जाईल आणि तिला धक्का बसेल.

सगळ्यात वाईट म्हणजे जागा. खोलीचा दरवाजा लसीकरणाच्या ओपीडीच्या पॅसेजमध्ये उघडतो. म्हणजे दोन्ही बाजूंना बाळं, झबली, टोपडी, इंजेक्शनचं रडणं, आणि त्यातून तुम्ही चालत जायचं. तिसऱ्या खेपेला एक बाई सहज म्हणाली तुमचं बाळ कुठाय, कुणाकडे दिलंय, आणि माझे पाय हलेनात. मी लेखी दिलंय की मागच्या जिन्याचं दार उघडून द्या, त्यांनी मला तिथून यायला दिलं पण ते प्रत्येकीला आपणहून सांगायला हवं. तुम्ही जाल तर फोनवरच विचारा, दुसरा रस्ता आहे का. लसीकरणाचा वार टाळा.

खोलीत भिंतभर हसऱ्या बाळाचा पोस्टर आहे, पंप लावून बसलं की बरोबर डोळ्यासमोर. मी खुर्ची फिरवून बसायचे. एक सर्टिफिकेट देतात, त्यावर छापलंय की तुम्हाला आणि तुमच्या बाळाला उत्तम आरोग्य लाभो. देणाऱ्या मुलीला काही माहीत नव्हतं, नवीन होती, तिच्या हातातून घेतलं आणि पर्समध्ये दुमडून ठेवलं. सर्टिफिकेटचे दोन प्रकार छापायला किती खर्च येतो? ज्या आयांची बाळं गेलीयत त्याही दान करू शकतात असं त्यांच्या नियमातच आहे, मग कागदपत्रांत आम्ही का नाही. फॉर्मवर एक रकाना वाढवा ना.

दोनपैकी एक पंप बहुतेक वेळा बंद. चाळीस मिनिटं थांबावं लागलं दोनदा, भरलेल्या छातीने चाळीस मिनिटं म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आणि दूध बंद झाल्यावर संपलं सगळं. एकही फोन नाही. मी समजू शकते, दोन बायका सगळं बघतात, पण तेव्हाच तर गरज असते. दूध थांबलं त्या आठवड्यात मी सगळ्यात जास्त कोसळले, बाळ गेलं त्या आठवड्यापेक्षाही, कारण त्याचं माझ्या अंगात जे शेवटचं होतं तेही गेलं असं वाटलं. हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून मी सांगतेय. त्या दिवसांत बोलायला कोणीतरी ठेवा. सरकारची टेली मानस म्हणून मानसिक आधाराची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, रात्री-बेरात्री लागते, मराठीत बोलता येतं. घरच्यांना सांगून ठेवा की बाई जेवत नसेल, झोपत नसेल, जगून काय करू असं काही बोलत असेल तर वाट बघू नका, थेट डॉक्टरकडे न्या.

हे सगळ्यांनी करावं असं माझं म्हणणं अजिबात नाही. माझ्या नणंदेचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, सहा वर्षांपूर्वी, तिने डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली आणि दोनतीन दिवसांत विषय बंद केला. मी दूध देतेय कळल्यावर ती रडली, म्हणाली मी का नाही केलं असं. मी तिला म्हटलं तुला तेव्हा ते थांबायला हवं होतं, मला सुरू राहायला हवं होतं. शरीर आपलं आहे. कोणी चांगुलपणाच्या नावाखाली दूध द्यायची जबरदस्ती करत असेल तर नाही म्हणा, आणि कोणी अशुभ म्हणून अडवत असेल तरी ऐकू नका.

मला काय मिळालं हे नीट सांगता येईल का माहीत नाही. दुःख कमी झालं असं नाही म्हणणार. पण सगळं जग मला सांगत होतं आता विसर, तुझं वय काय गेलंय, पुन्हा होईल, आणि त्याचा पाळणा कंपनीला परत गेला, कपडे कुणीतरी उचलून नेले, स्मशानात मला नेलं नाही, एवढ्या लहान बाळाला पुरतात आणि बायका जात नाहीत म्हणे, नवरा आणि माझा भाऊ जाऊन आले, पायावर पाणी घेतलं, झालं. फक्त त्या खोलीत मी आई होते. वहीत माझं नाव, तारीख, मिली. तिथे कोणी मला लवकर आटप म्हटलं नाही. किती दिवस द्यायचं ते मी ठरवलं, हळूहळू कमी करायचं तेही मी ठरवलं.

कमी कसं करायचं ते त्यांनी फार छान समजावलं, ते लिहून ठेवते. एकदम बंद करायचं नाही. दोन वेळांमधलं अंतर तीन तासांचं चार, चाराचं सहा असं दर थोड्या दिवसांनी वाढवायचं, मध्ये फार दाटलं तर फक्त हलकं वाटेल एवढंच हाताने काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही. छातीचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

जाताना पुढून बटणं असलेला कुर्ता घाला, एक मोठा नॅपकिन, एक जादा ब्लाऊज किंवा टॉप. कोणीतरी सोबत न्या, परत येताना एकटीने रिक्षा पकडायला नको वाटतं. तुमच्या गावात मिल्क बँक आहे का हे शोधायला मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये किंवा मोठ्या एनआयसीयूत फोन करून विचारा. घरी काढलेलं दूध काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी तिथेच काढावं लागतं, आमच्याकडे तिथेच.

स्टार द्यायचे तर माणसांना पाचपैकी पाच, दुधाच्या कामाला पाच, जागेला आणि कागदपत्रांना दोन. दूध संपल्यानंतरच्या काळजीला शून्य, आणि तो शून्य त्यांनी बदलावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एकूण पाच आठवडे गेले मी. वहीतले आकडे बेरीज करून घेतले, २ लिटर ८६० मिली. पालख्या पुण्यात आल्या त्या दिवशी रस्ते बंद होते आणि मी पोचू शकले नाही, खाली टाळमृदंगाचा आवाज, रस्ता भगवा झालेला, आणि मी बाथरूममध्ये वाटी घेऊन. आई म्हणाली बेसिनमध्ये ओतू नको गं, पायदळी जाईल, तुळशीत घाल. मग मी आणि ती गॅलरीत उभ्या राहून खालची माणसं बघत बसलो, बराच वेळ.

पहिल्या खेपेहून मी परत आले होते ना, तेव्हा आईने काही विचारलं नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून नारळ आणि गुळाचा वास आला, जाऊन बघितलं तर पिठामागचा तो डबा ओट्यावर उघडा होता आणि आई हळिवाचे लाडू वळत होती. रोज एक, सकाळी दुधाबरोबर, माझ्या हातात ठेवायची आणि म्हणायची खा, जायचंय ना तुला. शेवटच्या शुक्रवारी ३५ मिलीच आलं. मी विचारलं एवढंसं घ्याल का, ताईंनी मोजून वहीत ३५ लिहिलं आणि सहीसाठी वही फिरवली. घरी आले तर डब्यात चार लाडू उरले होते. आईने चहा ठेवला, आणि ते आम्ही दोघींनी खाल्ले.